रिपोर्टवर 4200, भट्टीत 3020: ब्रिकेटच्या खरेदीतली फसवणूक

6,25,485 रुपये. पाच ट्रक ब्रिकेट, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायच्या, भुसा दाबून केलेल्या कांड्या, एकूण 80,500 किलो, दर किलोला 7 रुपये 40 पैसे, वर 5 टक्के जीएसटी. सगळे पैसे आगाऊ, आरटीजीएसने. मालाच्या किमतीतले 1,67,363 रुपये चोरीला गेले आणि ज्या कागदाच्या जोरावर गेले तो कागद महिनाभर आमच्याच फाइलमध्ये होता. इंधनाचे रिपोर्ट वाचणं हे रोजचं काम असणाऱ्या लोकांच्या हातून हे झालं, म्हणून लिहायला लाज वाटते. तरी लिहितो आहोत, कारण आम्हाला फसवणारा दलाल तळोजा, रबाळे, अंबरनाथ, भिवंडी या पट्ट्यात अजून माल विकतो आहे.

पद्धत सगळ्यांना माहीत असलेलीच. आधी 600 किलोचा चाचणीचा माल, लाकडाच्या भुशाचा, कोरडा खडखडीत. मग व्हॉट्सॲपवर प्रयोगशाळेच्या रिपोर्टची पीडीएफ. मग पावसाळ्याचा धाक: भुसा मिळत नाही, आज बुक करा, पुढच्या आठवड्यात दर वाढेल. दर फार स्वस्त असता तर संशय आला असता, पण तो बाजारापेक्षा जेमतेम 20 पैशांनी कमी होता. नेहमीच्या पुरवठादाराचा कांड्या दाबायचा प्रेस पावसामुळे बंद होता आणि आमच्या कारखान्याचा दोन टनी बॉयलर थांबवला तर पूर्ण प्रोसेसिंग थांबतं. मागणी दिली ती यामुळे.

आता त्या पीडीएफबद्दल. त्यात चार आकडे एकाखाली एक होते. ओलावा 8 टक्के, राख 14 टक्के, व्होलाटाइल (तापवल्यावर वायू होऊन निघणारा भाग) 64 टक्के, फिक्स्ड कार्बन (मागे उरून जळणारा कोळसा) 14 टक्के. बेरीज बरोबर 100. आणि खाली जीसीव्ही, म्हणजे माल जाळल्यावर मिळणारी एकूण उष्णता, 4200 किलोकॅलरी प्रति किलो. हे आकडे आम्ही वाचले, मान डोलावली आणि पुढे गेलो. तिथेच थांबायला हवं होतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. ओलावा आणि राख मिळून 22 टक्के जळतच नाही, म्हणजे किलोतला 780 ग्रॅम भागच उष्णता देतो. 4200 भागिले 0.78 केलं की येतात 5385. झाडापासून आलेला कुठलाही साधा माल घ्या, लाकूड, बगॅस, शेंगांची टरफलं, भाताचं तूस. त्यातलं पाणी आणि राख वजा केली की उरलेल्या भागाची उष्णता साधारण 4500 ते 4900 किलोकॅलरीच्या आत राहते. 5385 हा आकडा न भाजलेल्या ब्रिकेटचा असूच शकत नाही. रिपोर्ट स्वतःच स्वतःला खोटं ठरवत होता आणि आम्ही त्यावर शिक्का मारून पैसे पाठवले.

बेरीज 100 आली म्हणून विश्वास ठेवू नका. फिक्स्ड कार्बन कोणी मोजत नाही, तो 100 मधून बाकीचे तीन वजा करून काढतात, त्यामुळे बेरीज नेहमीच 100 येते.

दुसरी पडताळणीही हाताशी होती. पारीख, चन्नीवाला आणि घोसाल यांनी 2005 साली दिलेलं सूत्र या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे: कोरड्या मालावरचा फिक्स्ड कार्बन गुणिले 0.3536, अधिक व्होलाटाइल गुणिले 0.1559, वजा राख गुणिले 0.0078. उत्तर मेगाज्यूल प्रति किलो. आधी हे तीनही आकडे कोरड्या पायावर (पाणी वगळून) आणायचे, म्हणजे 0.92 ने भागायचे: राख 15.2, व्होलाटाइल 69.6, फिक्स्ड कार्बन 15.2. सूत्रात घातले की 16.1 मेगाज्यूल येतात, म्हणजे सुमारे 3850 किलोकॅलरी, आणि 8 टक्के ओलावा धरला की 3540. सूत्रात चार-पाच टक्के इकडेतिकडे होतं हे मान्य. इथे फरक 660 किलोकॅलरींचा होता, जवळजवळ 19 टक्के.

नंतर त्या प्रयोगशाळेला रिपोर्ट नंबर सांगून फोन केला, तेव्हा त्यांच्या प्रतीत जीसीव्ही 3560 निघाली. बाकीचे सगळे आकडे तेच. दलालाने एकच ओळ बदलली होती. जो फोन महिन्यानंतर केला तो पैसे पाठवण्याआधी करायला कोणी अडवलं होतं? पीडीएफ आली की रिपोर्टवर छापलेल्या नंबरवर नव्हे, प्रयोगशाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा. एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह असेल तर खाली यूएलआर क्रमांक, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र क्रमांक, बघा आणि जीसीव्हीची चाचणी प्रयोगशाळेच्या मान्यतेच्या यादीत आहे का तेही बघा. नुसतं चिन्ह चिकटवायला दोन मिनिटं लागतात.

बरं, रिपोर्ट खरा असता तरी उपयोग नव्हता. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की नमुना पक्षाने आणून दिला आणि निकाल फक्त त्या नमुन्यापुरता. म्हणजे दलालाने निवडून दिलेल्या दोन कांड्यांची ती परीक्षा. ट्रकमध्ये काय आहे याच्याशी प्रयोगशाळेचा संबंध नाही.

ट्रकमध्ये काय होतं ते पाचव्या गाडीच्या नमुन्यातून कळलं. 4,000 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 4,720 रुपये भरून दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी केली: ओलावा 18.4 टक्के, राख 17.1 टक्के, जीसीव्ही 3020. ताळा करून बघा. जळणारा भाग 64.5 टक्के, 3020 भागिले 0.645 म्हणजे 4682. खरा रिपोर्ट असा जुळतो. सांगितल्यापेक्षा 10.4 टक्के जास्त पाणी, म्हणजे पाच ट्रकमध्ये मिळून 8,372 किलो पाणी आम्ही 7 रुपये 40 पैसे किलोने घेतलं, 61,953 रुपयांचं. धर्मकाट्यावर पाणीही वजनच दाखवतं. काट्याची पावती हातात असली की माल बरोबर आला असं वाटतं, तो भ्रम आहे.

आणि नुकसान जीसीव्हीच्या फरकाएवढंच नसतं. इंधनातलं पाणी वाफ होऊन चिमणीतून जातं, ती उष्णता परत मिळत नाही. पाण्याच्या किलोमागे सुमारे 584 किलोकॅलरी. मालातलं पाणी आणि हायड्रोजन जळून झालेलं पाणी दोन्ही वजा केलं की 4200 चे साधारण 3900 उरतात आणि 3020 चे 2700. कागदावरचा 28 टक्क्यांचा फटका भट्टीत 31 टक्के होतो. त्यात ओल्या मालाने भट्टी थंड पडते, धूर वाढतो, हवा जास्त सोडावी लागते आणि कार्यक्षमता आणखी खाली येते. आधी एक किलो ब्रिकेटमागे 4.5 किलो वाफ मिळायची. पहिल्या ट्रकपासून ती 3.1 वर आली. नोंदवहीत रोज लिहिलेलं आहे. फायरमन दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता, "साहेब, माल थंड आहे." आम्ही ट्यूब साफ करायला लावल्या, फीड पंप तपासला, त्याच्यावर चिडलोही. माल सोडून सगळं तपासलं. याचा राग दलालापेक्षा स्वतःवर जास्त येतो.

दलालाची सबब ठरलेली: पावसात हवेचा ओलावा लागला. ताडपत्रीखालचा माल दोन-चार टक्के ओलावा घेतो हे खरं आहे. पण पिस्टन प्रेसमध्ये 18 टक्के ओला भुसा गेला तर आत वाफ धरते आणि कांडी फुटूनच बाहेर येते. प्रेसला साधारण 8 ते 12 टक्क्यांचा भुसा लागतो. म्हणजे पाणी नंतर पडलं. ट्रकच्या तळातल्या कांड्या फुगून तडकलेल्या होत्या, वरच्या थरातल्या ठणठणीत. चुरा इतका की फावड्याने भरावा लागला. हे उतरवताना दिसत होतं.

राखेचंही तसंच. निव्वळ लाकडाच्या भुशाची राख एक-दोन टक्के असते. चौदा लिहिलं होतं तिथेच विचारायला हवं होतं की भुशात काय मिसळलंय. तूस असेल तर राख करडी-पांढरी, हलकी. इथे राख चिमटीत घेतली तर कचकच लागत होती, पाण्यात ढवळली तर तळाला वाळू बसत होती. माती होती. शेतमालाच्या राखेतलं पोटॅशियम आणि मातीतली सिलिका एकत्र आली की राख कमी तापमानाला वितळते. जाळीवर दर पाळीला क्लिंकरचे, म्हणजे वितळून गोठलेल्या राखेचे, दगड धरत होते, ते सब्बलीने फोडावे लागले आणि जाळीचे चार बार गेले. बारांचा खर्च 11,200 रुपये, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही.

रिपोर्टमध्ये राख किती तापमानाला काढली ते विचारा. बायोमाससाठी 550 अंश. कोळशाच्या 815 अंशांवर काढली तर क्षार उडून जातात, कार्बोनेट फुटतात आणि राख खरीपेक्षा कमी दिसते. जीसीव्ही कुठल्या पायावर आहे ते लिहून घ्या: आल्या मालावर, हवेत वाळवलेल्यावर की पूर्ण कोरड्यावर. पकडला गेल्यावर आमचा दलाल "ती ड्राय बेसिसची होती" म्हणाला. तेही खोटं, कारण 3560 ला 0.92 ने भागलं तरी 3870 च होतात. आणि शंका आली तर प्रयोगशाळेकडून बॉम्ब कॅलरीमीटरची (जीसीव्ही मोजायच्या उपकरणाची) कच्ची नोंद मागा: नमुन्याचं वजन, तापमानवाढ, उपकरणाचा वॉटर इक्विव्हॅलंट (ते एक अंश तापायला लागणारी उष्णता), बेंझोइक ॲसिडने शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलं. वॉटर इक्विव्हॅलंट अंशाला 2400 कॅलरी असेल तर एक ग्रॅम 4200 च्या मालाने 1.75 अंश वाढ दिसली पाहिजे, 3560 च्या मालाने 1.48. चाचणी दोनदा झालेली असावी आणि दोन उत्तरांत 30 किलोकॅलरीच्या वर फरक नसावा. फक्त एकच गोल आकडा देणारा रिपोर्ट परत पाठवा.

ओलावा मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. तीनशे ग्रॅम माल फोडून ट्रेमध्ये, 105 अंशांच्या ओव्हनमध्ये, वजन उतरायचं थांबेपर्यंत. दोन खिळ्यांचं लाकडाचं मीटर ब्रिकेटवर चालत नाही, ते लाकडासाठी जुळवलेलं असतं आणि फक्त पृष्ठभाग वाचतं. कांडी पाण्यात टाकून विरघळते का बघणं हाही पोकळ उपाय आहे, चांगली कांडीही पाण्यात फुटते.

आता तक्रारीचं. मुंबईत जिथे दलालाचा गाळा आहे तिथल्या पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणाले माल उतरला तिथे जा. तिथे गेलो, तर पैसे घेतले तिथे जा. दोन्हीकडे मिळून सात फेऱ्या. तिसऱ्या फेरीला ऐकवलं की हा दिवाणी मामला आहे, वकील करा. खाडाखोड केलेली पीडीएफ आणि प्रयोगशाळेची मूळ प्रत शेजारी शेजारी टेबलावर ठेवली, तरी दिवाणी! भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम 318 आहे, बनावट दस्तऐवजाला 336 आणि तो खरा म्हणून वापरण्याला 340. आकडा बदललेला रिपोर्ट दाखवून पैसे घेणं यात काय बसत नाही? हद्दीचं कारण पुढे केलं की नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. आम्हाला हे पाचव्या फेरीला कळलं. एका अधिकाऱ्याने विचारलं, "कॅलरी म्हणजे खाण्याची ना?" आणि जीसीव्ही म्हणजे काय ते आम्ही एक पानभर मराठीत लिहून दिलं. ते पान फाइलला लावलंय की नाही हेही कोणी सांगत नाही. वजनमापाच्या कार्यालयात सांगितलं, वजन बरोबर आहे ना, मग आमचं काम नाही. ग्राहक आयोगात व्यापारी कारणासाठीची खरेदी बसत नाही. लघुउद्योगांची थकबाकीची सोय आहे, पण ती विकणाऱ्यासाठी, विकत घेणाऱ्यासाठी नाही. इंधनातली उष्णता चोरली तर जायचं कुठे, हे एकालाही सांगता आलं नाही.

सगळ्यात जास्त टोचलेला प्रश्न पोलिसांचाच: माल कुठे आहे? चार ट्रक जळून गेले होते. वापरलेला माल म्हणजे स्वीकारलेला माल. मग विक्री कायद्याखाली तो परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई मागता येते. म्हणून पहिल्याच ट्रकचा नमुना उतरवताना घ्या, नंतर नाही. पुढून, मधून, मागून, वरून आणि तळातून, ट्रकमागे किमान दहा-बारा ठिकाणांहून. ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, असं करत तीन पिशव्या उरवायच्या. दुहेरी प्लास्टिक, हवाबंद, तिथल्या तिथे वजन, ड्रायव्हरची सही. एक तुमची, एक त्याची, एक वादासाठी. आणि पर्चेस ऑर्डरवर लिहा: ओलावा 10 टक्क्यांच्या वर गेला तर वजनातून कपात, जीसीव्ही कमी निघाली तर त्याच प्रमाणात दर कमी, 30 टक्के रक्कम निकालानंतर. हे लिहायला तयार नसलेल्याचा माल उतरवूच नका.

पाचवा ट्रक, 15,950 किलो, ताडपत्रीखाली तसाच ठेवला आहे. बाकीच्या चारांसाठी वाफेची नोंदवही हाच पुरावा. त्यातले आकडे पाचव्या ट्रकशी जुळतात, म्हणून नुकसान सगळ्या मालावर धरलं आहे. मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली अर्ज दिला आहे, सोबत रिपोर्टच्या दोन्ही प्रती, प्रयोगशाळेचा ईमेल आणि 4200 भागिले 0.78 चा तो एका ओळीचा हिशेब जोडला आहे.