जॉनी कॅशचा 'अमेरिकन रेकॉर्डिंग्ज': एलपीवर आठ महिने ऐकून झाल्यावर

दिवाळीत घेतला होता, आठ महिने झाले, आता बोलायला हरकत नाही. आधी तक्रार उरकतो. ज्याच्याकडून ऑनलाइन मागवला त्याने पातळ पुठ्ठ्यात गुंडाळून पाठवला, तबकडी भाजलेल्या पापडासारखी वाकडी, परत केली, दुसरी यायला तीन आठवडे. दुसरी मात्र एकदम स्वच्छ वाजते, आणि ते लागतंच, कारण बारीक खरखरसुद्धा झाकायला इथे काही नाही, एक गिटार आणि एक आवाज, बास.

अल्बम १९९४ चा. कॅश हा अमेरिकन कंट्री गायक, तेव्हा ६२ वर्षांचा, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने १९८६ मध्ये नारळ दिलेला, पुढच्या कंपनीतही फार काही घडलं नाही, आणि याला उचललं कोणी तर रॅप आणि हेवी मेटलवाल्या निर्मात्याने, रिक रुबिनने! त्याने लॉस एंजेलिसला स्वतःच्या दिवाणखान्यात बसवलं आणि तुला जी आवडतात ती गाणी म्हणत जा म्हणाला. ढिगाने गाणी झाली, काही टेनेसीत कॅशच्या केबिनमध्ये. मग वादक बोलावून बघितले, तर त्या साध्या टेपच जास्त भारी वाटल्या. शेवटी ठेवली १३. (उरलेल्यांपैकी पुष्कळ २००३ च्या 'अनअर्थ्ड' या बॉक्ससेटमध्ये आली, ती ऐकली की कळतं, किती चांगली गाणी बाजूला ठेवायचं धाडस केलंय.)

निवड बघा ना. निक लो हा कॅशच्या बायकोच्या, जूनच्या, मुलीचा माजी नवरा, म्हणजे घरातलाच माणूस, त्याचं गाणं आहे. ग्लेन डॅन्झिग मेटलवाला, त्याने खास कॅशसाठी लिहिलेलं आहे. लेनर्ड कोहेनचं आहे, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकावरचं कॅशचं स्वतःचं आहे. कागदावर वाचलं तर भेळच वाटेल, पण ऐकताना सगळं एकाच म्हाताऱ्याचं आयुष्य वाटतं. मला तरी पहिल्या महिन्यात कुठलं गाणं कोणाचं ते कव्हर बघितल्याशिवाय सांगता आलं नसतं.

आता माझं काय बदललं ते सांगतो. सुरुवातीला पहिलं गाणं, 'डेलियाज गॉन', जाम आवडायचं, खुनाचं गाणं पण काय ठेका! कॅशने ते १९६२ मध्येही रेकॉर्ड केलेलं, म्हणजे जुनंच हत्यार परत काढलंय. मग वाचलं की खरी डेलिया ग्रीन जॉर्जियातल्या सव्हानाची, १९०० साली मारली गेली तेव्हा फक्त १४ वर्षांची. तेव्हापासून सुई सरळ दुसऱ्या गाण्यावर ठेवतो, काय करणार. दोन गाणी व्हायपर रूम क्लबमधली लाइव्ह आहेत, त्यात लोक हसतात, टाळ्या वाजवतात, घरात आपण दोघंच बसलेलो असताना कोणीतरी दार उघडून आत यावं तसं होतं. ती दोन मी काढली असती.

आणि जे पहिल्यांदा संथ वाटून सोडून दिलेलं, टॉम वेट्सचं 'डाऊन देअर बाय द ट्रेन', तेच आता सगळ्यात जास्त वाजतं. पापी लोकांना घ्यायला येणारी गाडी, त्यात येशूला फितवणारा यहूदा चक्क लिंकनच्या मारेकऱ्याला उचलून आणतोय. कॅश ते जराही रंगवत नाही, आपल्याच गावच्या स्टेशनचा पत्ता सांगावा तसं म्हणतो.

बाबांना इंग्रजी गाण्यांचा कंटाळा, जन्मभर भजनात पखवाज वाजवला त्यांनी. एकदा जेवताना लागलेलं होतं तर घास तसाच हातात धरून म्हणाले, "हा एकटाच बसून म्हणतोय का रे?" मी अर्थ सांगितला. "मग अजामेळाचीच गोष्ट की ही," म्हणाले आणि ताकाची वाटी पुढे सरकवली. परवा आवरून बसले आणि मलाच म्हणाले, तो गाडीवाला लाव.