आधी ‘रिपब्लिक’ की आधी ‘पॉलिटिक्स’?

पाश्चात्त्य राजकीय विचार मुळापासून वाचायचा ठरवला की पहिली अडचण हीच येते. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो आणि त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल यांचे हे दोन्ही ग्रंथ एकदम हाती घेतले तर बहुधा दोन्ही अर्धवट राहतात. एक निवडा.

प्लेटोचं ‘रिपब्लिक’ म्हणजे दहा भागांचा संवाद. अथेन्सजवळच्या पिरियस बंदरातल्या एका घरी न्याय म्हणजे काय यावर बोलणं निघतं. ‘बलवानाचं हित तोच न्याय’ असं संवादातलं एक पात्र, थ्रॅसिमॅकस, ठणकावतो. पहिला भाग नाटकासारखा वाचून होतो. दमछाक होते ती सहाव्या-सातव्या भागात, कारण तिथे राज्यकारभार मागे पडतो आणि ज्ञान म्हणजे काय हा प्रश्न पुढे येतो. अनेक जण गुहेचा दृष्टान्त (गुहेत जखडलेले कैदी भिंतीवरच्या सावल्यांनाच खरं मानतात) तेवढा वाचून थांबतात. मग वीस ते तीस या वयात गणित, पुढे पाच वर्षं वादविद्या (प्रश्नोत्तरांतून सत्य शोधण्याची विद्या), पंधरा वर्षं प्रत्यक्ष कारभार आणि पन्नाशीनंतर राज्य करण्याची पात्रता, हा तत्त्वज्ञ राजा घडवण्याचा क्रम त्यांच्या हातून निसटतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्लेटोने सगळ्यांचीच खासगी मालमत्ता काढून घेतली असं समजणं. ही बंदी फक्त ‘पालक’ म्हणजे राज्यकर्ते आणि सैनिक या वर्गांना आहे, शेतकरी-कारागिरांना नाही.

ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ आठ भागांचं, पण ते व्याख्यानांच्या टिपणांसारखं आहे. वाक्यं तोकडी, पुनरुक्ती भरपूर, शेवटचा शिक्षणावरचा भाग अपुराच. भागांचा क्रमही वादग्रस्त: सातवा-आठवा भाग तिसऱ्याला जोडून वाचावा असं मानणारे अभ्यासक आहेत. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर घरकारभार आणि गुलामगिरीचं समर्थन यातच वाचक अडकतो. म्हणून तिसऱ्या भागापासून सुरू करून पाचव्यापर्यंत जावं. नागरिक कोण, सहा राज्यपद्धती कोणत्या, बंडं का होतात, हे सगळं तिथे आहे. (नागरिकाची ही व्याख्या करणारा गृहस्थ अथेन्समध्ये स्वतः परका रहिवासी होता!)

यातलं एक वाक्य आजच्या वाचकाला हमखास अडखळवतं: पदं चिठ्ठीने (म्हणजे सोडत काढून) भरणं लोकशाहीचं आणि निवडणुकीने भरणं मोजक्यांच्या सत्तेचं लक्षण. अथेन्समध्ये पाचशेंच्या परिषदेचे सदस्य खरोखर चिठ्ठीने निवडले जात आणि सेनापती मतांनी, हे ठाऊक असलं की वाक्य विचित्र वाटत नाही. तसंच, त्याच्या वर्गवारीत लोकशाही हा बिघडलेला प्रकार आहे, कारण तिथे गरीब आपल्यापुरतं राज्य करतात. श्रीमंत बहुसंख्य असले तरी त्यांच्या राजवटीला तो लोकशाही म्हणणार नाही.

‘पॉलिटिक्स’चा दुसरा भाग मात्र ‘रिपब्लिक’चा पाचवा भाग वाचल्याशिवाय उघडू नका. तिथे ॲरिस्टॉटल गुरूच्या, म्हणजे प्लेटोच्या, सामाईक कुटुंबाच्या (पालकवर्गात बायका-मुलं सगळ्यांची मिळून असावीत या) कल्पनेवर तुटून पडतो, आणि मूळ माहीत नसेल तर भांडणाची एकच बाजू कानावर पडते.

इतिहासातही दोन्ही ग्रंथ सगळीकडे एकत्र पोचले नाहीत. साधारण १२६० च्या सुमारास ‘पॉलिटिक्स’ लॅटिनमध्ये आलं आणि ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ थॉमस ॲक्वायनसने त्यावर भाष्य लिहायला घेतलं. पूर्ण ‘रिपब्लिक’ लॅटिनमध्ये यायला पंधरावं शतक उजाडलं. उलट स्पेनमधल्या कॉर्डोबाच्या इब्न रुश्द या अरबी परंपरेतल्या तत्त्वज्ञाला ‘पॉलिटिक्स’ मिळालंच नाही, म्हणून त्याने ‘रिपब्लिक’वर भाष्य केलं. त्यामुळे पुढे मध्ययुगीन ख्रिस्ती विचार वाचायचा असेल तर ॲरिस्टॉटल आधी, अरबी परंपरा वाचायची असेल तर प्लेटो आधी. परीक्षेसाठी वाचत असाल तर ‘रिपब्लिक’चे पहिले पाच भाग, मग आठवा, आणि त्यानंतर वर सांगितलेला ‘पॉलिटिक्स’चा गाभा.

कोणतंही भाषांतर विकत घेताना समासात आकडे छापलेत का ते बघा. प्लेटोसाठी १५७८ च्या आवृत्तीतले पृष्ठांक वापरतात (गुहा ५१४ वर), ॲरिस्टॉटलसाठी १८३१ च्या बर्लिन आवृत्तीतले (चिठ्ठी आणि निवडणूक १२९४, दुसरा स्तंभ). हे आकडे नसतील तर संदर्भ शोधताना प्रत्येक वेळी सगळं प्रकरण चाळावं लागतं.