डोरन्स फील्ड, चॅपल हिल: एका मैदानाचा आणि त्याला ज्यांचे नाव मिळाले त्या प्रशिक्षकांचा परिचय

कॅरी, मॉरिसव्हिल, डरहॅम या नॉर्थ कॅरोलिनाच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांतल्या कितीतरी मुली शनिवारी सकाळी शिनगार्ड बांधून सॉकरच्या सरावाला जातात. मात्र त्याच मुलींना चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाचा सामना पाहायला घेऊन जाणारे पालक मला फार भेटत नाहीत. माझ्या 13 वर्षांच्या मुलीबरोबर मी डोरन्स फील्डवर एकाच हंगामात चार सामने पाहिले, आणि मुलींच्या खेळाविषयी आस्था असलेल्या कोणालाही मी हे मैदान मनापासून सुचवीन. ते सुचवताना ज्यांचे नाव त्याला दिले आहे त्या अ‍ॅन्सन डोरन्स यांच्या कारकिर्दीविषयीही लिहिणे भाग आहे, कारण तिथे जे पाहायला मिळते ते बव्हंशी त्यांनीच घडवलेले आहे.

आधी मैदानाविषयी. जुन्या फेट्झर फील्डच्या जागी उभारलेले हे स्टेडियम 2019 मध्ये सुरू झाले आणि त्याची क्षमता सुमारे 4,200 प्रेक्षकांची आहे. शेजारच्या अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य स्टेडियमपुढे ते लहान वाटते, पण खरी मजा या लहानपणातच आहे. मध्यरेषेजवळ खालच्या रांगांत बसल्यास खेळाडू एकमेकींना काय सांगत आहेत ते शब्दन्‌शब्द ऐकू येते. आम्ही पाहिलेल्या पहिल्याच सामन्यात प्रतिस्पर्धी गोलरक्षकाने चेंडू बचावपटूकडे दिला मात्र, फिकट निळ्या गणवेशातल्या तिघी आघाडीच्या खेळाडू एकाच वेळी तिच्या अंगावर धावून गेल्या. मधली म्हणाली, "डावीकडे, डावीकडे!", आणि त्या बचावपटूने घाईघाईने चेंडू थेट सीमारेषेबाहेर मारला. चेंडू आपल्याकडे नसतानाही आक्रमण करता येते, हे माझ्या मुलीने त्या दहा सेकंदांत पाहिले. घरी दूरदर्शनवर सामना लागला की कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि नेमके हेच दिसत नाही.

मागे केवळ तिघी, मध्ये चौघी आणि पुढे तिघी ही मांडणी डोरन्स यांच्या संघांची अनेक वर्षांची ओळख होती. मागच्या फळीत एक खेळाडू कमी ठेवायची आणि तिच्या बदल्यात पुढे दडपण वाढवायचे, हा त्यातला हिशोब. मागच्या तिघींना प्रसंगी एकेकटीने प्रतिस्पर्ध्याला भिडावे लागते, म्हणून एकास एक झुंज हा त्यांच्या सरावाचा कणाच होऊन बसला.

डोरन्स यांचा जन्म 1951 चा, आणि तो आपल्या मुंबईतला. वडील तेल कंपनीत अधिकारी असल्याने बालपण केनिया, इथिओपिया, सिंगापूर आणि स्वित्झर्लंड असे फिरतीवर गेले. शिक्षणासाठी ते चॅपल हिलला आले, विद्यापीठाच्या संघातून खेळले, आणि 1977 मध्ये तिथल्याच पुरुष संघाचे प्रशिक्षक झाले. शिक्षणसंस्थांमध्ये लिंगभेदाला मनाई करणारा 'टायटल नाइन' हा कायदा 1972 मध्ये आला होता आणि महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करणे भाग पडू लागले होते. चॅपल हिलचा महिला संघ 1979 मध्ये सुरू झाला तो याच वातावरणात, आणि डोरन्स यांनी 1988 पर्यंत दोन्ही संघ एकाच वेळी सांभाळले. महिला संघाने 1981 मध्ये पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी एनसीएए या अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची महिला स्पर्धा सुरू झाली, आणि 2012 पर्यंत त्यांनी ती 21 वेळा जिंकली, त्यातली 1986 ते 1994 ही नऊ वर्षे सलग. महिला संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नावावर 934 विजय, 88 पराभव आणि 53 बरोबरी आहेत. बास्केटबॉलसाठी सर्वत्र नावाजलेल्या विद्यापीठात, एका महिला संघाची ही कमाई आहे.

याच काळात, 1986 पासून, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला संघाचेही प्रशिक्षक होते. महिलांचा पहिला विश्वचषक 1991 मध्ये चीनमध्ये झाला तेव्हा संघाची कर्णधार एप्रिल हाइनरिक्स त्यांचीच विद्यार्थिनी होती, आणि मिया हॅम, क्रिस्टीन लिली, शॅनन हिगिन्स याही त्यांच्याच तालमीतल्या. ग्वांगझूच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने नॉर्वेला 2-1 असे हरवले. दोन्ही गोल मिशेल एकर्सचे होते. मिया हॅमला त्यांनी राष्ट्रीय संघात पहिल्यांदा उतरवले तेव्हा ती 15 वर्षांची होती, हे ऐकून माझी मुलगी बराच वेळ गप्प बसली होती. पुढे टोबिन हीथ आणि क्रिस्टल डन इथूनच घडल्या. इंग्लंडच्या लूसी ब्राँझ आणि अलेसिया रूसो याही या विद्यापीठाकडून खेळून गेल्या.

पण मला पदकांपेक्षा त्यांची सरावाची पद्धत अधिक महत्त्वाची वाटते. विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ यांच्या सरावात प्रत्येक फेकीची, प्रत्येक चुकीची नोंद ठेवली जाते, हे डोरन्स यांनी पाहिले आणि ती कल्पना सॉकरमध्ये आणली. एकास एक झुंज, डोक्याने चेंडू खेळणे, धावण्याचा वेग, छोट्या संघांचे सराव सामने अशा प्रत्येक गोष्टीत कोण जिंकले आणि कोण हरले हे टिपायचे, आणि संघातल्या प्रत्येकीचा क्रम सगळ्यांना दिसेल असा लावायचा. या पद्धतीला तिकडे 'स्पर्धेची कढई' अशा अर्थाचे नाव आहे. मुलींनी एकमेकींशी गोडीने राहावे, पण मैत्रिणीविरुद्ध जीव तोडून खेळण्यात गैर काहीच नाही हे त्यांना सरावातच उमगावे, असा त्यामागचा हेतू. आपल्याकडे मुलींना 'सांभाळून घे' हे इतक्या लहानपणापासून शिकवले जाते की मला या विचाराचे मोल फार वाटते.

या पद्धतीचे अनुकरण एका खाजगी क्लबात कसे झाले ते मी जवळून पाहिले आहे. क्लबाचे नाव लिहीत नाही. तिथल्या प्रशिक्षकांनी एका रविवारी रात्री पालकांच्या गटावर सोळा मुलींची क्रमवारी टाकली. माझी मुलगी चौदावी होती. कोणत्या कसोटीवर चौदावी, पुढे काय सुधारायचे, याबद्दल एक ओळही नव्हती. दोन दिवस ती जेवणाच्या टेबलावर बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने बूट कपाटात टाकले. त्या प्रशिक्षकांनी पद्धतीचा आकडा तेवढा उचलला होता, बाकीचा भाग घेतलाच नव्हता.

तो बाकीचा भाग डोरन्स यांच्याकडे ठळकपणे होता. ते प्रत्येक खेळाडूला वर्षातून ठरावीक वेळा समोरासमोर बसवून बोलत, आणि तिचे आकडे तिच्यापुढे ठेवून पुढची दिशा ठरवत. पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ हाताळल्याने त्यांना एक फरक जाणवला होता: संपूर्ण संघाला उद्देशून टीका केली की मुलांपैकी प्रत्येकाला ती दुसऱ्या कोणाला उद्देशून आहे असे वाटते, तर मुलींपैकी प्रत्येकीला ती आपल्यालाच लागू आहे असे वाटते. हंगाम संपत आला की शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना ते स्वतः पत्रे लिहीत, आणि त्यांत गोलांपेक्षा त्या मुलीच्या स्वभावाविषयी लिहिलेले असे. मिया हॅमविषयीची गोष्ट प्रसिद्धच आहे: एका सकाळी कामावर जाताना त्यांना ती मैदानात एकटीच घामाघूम होऊन धावताना दिसली, आणि कोणी पाहत नसताना असे झिजणारी व्यक्ती म्हणजेच विजेती, अशा अर्थाची चिठ्ठी त्यांनी तिला लिहिली. क्रम भिंतीवर आणि चिठ्ठी हातात, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ही पद्धत मुलीला पुढे नेते, असे माझे ठाम मत झाले आहे.

पालकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. दोन माजी खेळाडूंनी 1998 मध्ये लैंगिक छळाचे आरोप करत डोरन्स आणि विद्यापीठाविरुद्ध दावा दाखल केला. डोरन्स यांनी आरोप नाकारले. एकीशी 2004 मध्ये तडजोड झाली आणि खेळाडूंच्या खाजगी आयुष्याविषयीच्या गप्पांत सहभागी झाल्याबद्दल त्यांनी लेखी माफी मागितली, तर दुसरा दावा 2008 मध्ये मिटला. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मी मुलीला हे सांगितले, कारण प्रशिक्षकाशी जवळीक कुठे थांबावी हे मुलींना कळणे अपरिहार्य आहे.

शेवटची वर्षे सोपी नव्हती. संघ 2012 नंतर 2018, 2019 आणि 2022 मध्ये अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि तिन्ही वेळा हरला. यांतला 2022 चा सामना इथेच कॅरीत झाला. चॅपल हिलने दोन गोलांची आघाडी घेतली होती, पण यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने निर्धारित वेळेची 16 सेकंदे उरली असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत 3-2 असा विजय मिळवला. ऑगस्ट 2024 मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, डोरन्स निवृत्त झाले आणि त्यांचे साहाय्यक डेमन नाहास यांच्याकडे धुरा आली. त्याच डिसेंबरात, पुन्हा कॅरीतच, वेक फॉरेस्ट विद्यापीठाला 1-0 असे हरवून संघाने 22 वे एनसीएए विजेतेपद मिळवले.

जाणाऱ्यांसाठी थोडे उपयोगाचे. हंगाम ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि ऑक्टोबरनंतर रात्रीच्या सामन्यांना थंडी चांगलीच झोंबते, तेव्हा मुलांसाठी गरम कपडे ठेवावेत. निदान अर्धा तास आधी पोहोचून सरावाची धावपळ पाहावी, कारण सामन्यात झटकन घडून जाणाऱ्या गोष्टी तिथे सावकाश दिसतात. राखीव खेळाडूंच्या बाकाकडेही लक्ष असू द्यावे.

तिसऱ्या सामन्यात त्या बाकावरच्या एका खेळाडूने मैदानात बोलावणे येण्याआधी दोन्ही घोट्यांवरची पट्टी सोडून पुन्हा घट्ट बांधली, उठून तीन वेळा वेगाने धावली, आणि मैदानात शिरताच पहिल्या चेंडूसाठी अंग झोकून दिले. चौथ्या सामन्याला निघताना माझ्या मुलीने कपाटातून बूट काढून गाडीच्या डिकीत टाकले होते. परतताना आम्ही घराजवळच्या मैदानावर थांबलो, आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडात ती पंचवीस मिनिटे भिंतीवर डाव्या पायाने चेंडू मारत राहिली.