फॉरेन एरिया ऑफिसरांसाठी करिअर सल्ला: तासाचे पैसे वसूल, रेझ्युमे पॅकेज टाळा

मी अमेरिकन लष्करात फॉरेन एरिया ऑफिसर आहे, म्हणजे एका प्रदेशाची भाषा आणि कारभार शिकून तिथलं लष्करी-राजनैतिक काम पाहणारा अधिकारी. माझा प्रदेश आग्नेय आशिया. आमचं काम नेमकं काय, हे लष्करातच अनेकांना ठाऊक नसतं. म्हणून करिअरचा सल्ला मागायला गेलं की पायदळाच्या अधिकाऱ्याचा साचा पुढे येतो. मग फक्त आमच्यासाठी करिअर सल्ला देणारी एक सेवा सापडली. ती चालवणाऱ्या बाई निवृत्त कर्नल आहेत आणि स्वतः दूतावासात डिफेन्स अटॅशे, म्हणजे लष्करी प्रतिनिधी होत्या, हे कळल्यावर मी पैसे भरले. व्हिडिओ कॉलचे तासाला दीडशे डॉलर.

मे 2025 मध्ये आर्मी ट्रान्सफॉर्मेशन इनिशिएटिव्ह ही लष्कराच्या पुनर्रचनेची योजना जाहीर झाल्यापासून आमच्यात धाकधूक आहे. मुख्यालयं एकत्र होतायत, स्टाफ कमी करायचाय, सगळा भर लढणाऱ्या तुकड्यांवर. आमच्या नेमणुका मात्र दूतावासांत आणि मोठ्या मुख्यालयांत, म्हणजे कात्री चालते तिथेच. आणि माणूस एकदा गेला की चटकन दुसरा मिळत नाही. मॉन्टेरेच्या लष्करी भाषा संस्थेत नुसतं इंडोनेशियन शिकायला 36 आठवडे, चिनी किंवा अरबीला 64. शिवाय मास्टर्स आणि त्या प्रदेशात राहून घेतलेलं प्रशिक्षण.

1997 मध्ये अधिकाऱ्यांच्या करिअरची पद्धत बदलली, तेव्हा बाई कॅप्टन होत्या. त्याआधी या अधिकाऱ्यांचे पाय दोन डगरींवर असत: थोडे दिवस परदेशात, मग पुन्हा मूळ शाखेत, आणि बढतीच्या वेळी दोन्हीकडून मागे. 1997 नंतर स्वतंत्र वाट मिळाली. तो बदल त्यांनी स्वतः भोगलाय. त्यामुळे त्या उगाच धीर देत नाहीत आणि घाबरवतही नाहीत.

खरा फायदा झाला तो माझे वार्षिक मूल्यमापन अहवाल त्यांनी ओळीओळीने वाचले तेव्हा. एका अहवालात ‘यजमान देशाशी उत्तम संबंध’ असं वाक्य होतं. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “बढती ठरवणाऱ्या बोर्डावरचा रणगाडेवाला कर्नल यातून काय समजणार? कुठला सराव तुमच्यामुळे झाला, कुठला करार पुढे सरकला, ते लिहून घ्या.” दुसरा मुद्दा तर माझ्या ध्यानीमनीही नव्हता. सीनियर रेटरला, म्हणजे अहवालावर शेवटचा शेरा देणाऱ्या वरिष्ठाला, ‘मोस्ट क्वालिफाइड’ हा सर्वोच्च शेरा निम्म्याहून कमी अधिकाऱ्यांनाच देता येतो. त्याच्या हाताखाली आमच्या हुद्द्याचे दोघं-तिघंच असतील तर हे गणित फार अवघड होतं. तेव्हा पोस्टिंग घेण्याआधी सीनियर रेटर कोण, हे विचारायचं. जागा कमी होत असताना हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

2019 च्या संरक्षण कायद्याने ठरावीक कारणांसाठी बढती बोर्डातून तात्पुरतं बाहेर राहण्याची परवानगी मागता येते. पण लांबच्या प्रशिक्षणात असलेल्याने ती कधी मागावी, हे त्यांनी माझ्या तारखा समोर ठेवून समजावलं. निवृत्तिवेतनाबद्दल वीस वर्षांच्या सेवेच्या हिशेबापलीकडे फारसं बोलणं झालं नाही.

रेझ्युमेचं वेगळं पॅकेज अगदीच सुमार. ते दुसरंच कुणी लिहितं. माझं सगळं काम ‘भाषांतर आणि समन्वय’ या दोन शब्दांत गुंडाळलं होतं, ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. शिवाय बाईंच्या कॉलची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, तेव्हा बोर्डाची तारीख कळताच नोंदणी करा. अहवाल पाठवण्याआधी इतरांची नावं आणि नेमणुकीचे संवेदनशील तपशील काढून टाका, बाई तसं आधीच बजावतात. मेजर असाल आणि लेफ्टनंट कर्नलचं बोर्ड वर्षभरावर असेल, तर आत्ताच एक तास घ्या.