अंतराळ स्थानकातली जिम: आरेडला पैकीच्या पैकी, ट्रेडमिलचा पट्टा मात्र काचतो

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात व्यायामाची मुख्य साधनं तीन. वजन उचलायला आरेड, धावायला टी-टू ट्रेडमिल आणि सेव्हिस नावाची सायकल. रशियन भागात वेगळी ट्रेडमिल आणि वेगळी सायकल आहे, पण हे परीक्षण या तिघांचंच. इथलं सदस्यत्व ऐच्छिक नाही. प्रत्येकाच्या वेळापत्रकात व्यायामासाठी रोज साधारण अडीच तास राखून ठेवलेले असतात. यंत्र लावणं, कपडे बदलणं, घाम पुसणं, यंत्र आवरणं हे सगळं त्यातच धरलेलं असल्यामुळे प्रत्यक्ष कसरतीला बराच कमी वेळ उरतो.

एवढा वेळ का द्यायचा, तर पुरेसा भार मिळाला नाही की खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. हाडातून सुटलेलं कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे मुतखड्याचा धोका वाढतो. पोटऱ्या, मांड्या आणि पाठ ताठ ठेवणारे स्नायू यांना तिथे दिवसभर काही कामच नसतं. म्हणून इथल्या कुठल्याही यंत्राची पहिली कसोटी एकच: ते हाडांवर खराखुरा भार टाकतं का? घाम तर काय, कशानेही निघतो.

या कसोटीवर आरेड बाकी दोघांच्या फार पुढे आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानातून ते वर गेलं. त्याआधी आयरेड नावाचं यंत्र होतं. त्यातला ताण रबरी चकत्यांचा आणि जास्तीत जास्त भार १३६ किलोच्या आसपास. रबराचं दुखणं असं की ते जितकं ताणावं तितकं जड होत जातं. म्हणजे बैठकेच्या तळाशी, जिथे जोर हवा तिथे, भार कमी आणि वर येताना जास्त. शिवाय रबर थकतं. रबरी पट्ट्यांची दुसरी खोड मीर या जुन्या रशियन अंतराळ स्थानकावर दिसली होती. १९९५ मध्ये अमेरिकन अंतराळवीर नॉर्मन थगार्ड बैठका मारत असताना पट्टा पायातून निसटून त्यांच्या डोळ्यावर बसला.

आरेडमध्ये रबर नाही, स्प्रिंग नाही आणि वजनाच्या लोखंडी चकत्या तर असूच शकत नाहीत, कारण तिथे त्यांना वजनच नसतं. भार येतो तो निर्वातातून. दोन नळकांडी, प्रत्येकात एक दट्ट्या. नळकांड्यातली हवा काढून टाकलेली असते. बार उचलला की दट्ट्या बाहेर ओढला जातो आणि केबिनमधली हवा, जिचा दाब समुद्रसपाटीइतका ठेवलेला असतो, त्याला परत आत ढकलते. बळ म्हणजे दाब गुणिले दट्ट्याचं क्षेत्रफळ. दट्ट्या कितीही बाहेर आला तरी या दोन्हींत फरक पडत नाही, त्यामुळे बैठकेच्या तळापासून वरपर्यंत भार जवळपास सारखाच राहतो. कमीजास्त करायचा तर हँडल फिरवायचं. त्याने तरफेवरची जोडणीची जागा सरकते. बारवर कमाल २७२ किलो, दोरीच्या व्यायामांना ६८ किलो.

तरी एक उणीव राहिली असती. जमिनीवरचा बार झटक्यात हलत नाही आणि हलू लागला की चटकन थांबतही नाही, कारण लोखंडाला जडत्व असतं. निर्वाताला ते नाही. ते भरून काढायला नळकांड्यांना छोटी फ्लायव्हील, म्हणजे फिरती जड चाकं, जोडली आहेत. त्यामुळे हाताला लागणारा बार खऱ्या बारच्या पुष्कळ जवळ जातो. मला या यंत्रात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच. नुसता आकडा गाठायचा असता तर हा उपद्व्याप कुणी केला नसता.

वापरताना पहिली गफलत होते ती वजन लावण्यात. समजा, ८० किलो वजनाचा माणूस जमिनीवर ६० किलोचा बार खांद्यावर घेऊन बैठका मारतो. त्याचे पाय तेव्हा फक्त बार उचलत नसतात, स्वतःचं बहुतेक शरीरही उचलत असतात. वर शरीराचा भार शून्य. म्हणून बैठकांसाठी बारच्या आकड्यात स्वतःच्या वजनाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग मिळवायचा: ६० अधिक ६०, म्हणजे १२०. टाचा उचलण्याच्या व्यायामाला तर जवळपास पूर्ण वजन मिळवावं लागतं. बाकावर पाठ टेकून केलेल्या बेंच प्रेसला ही बेरीज लागत नाही, कारण तिथे शरीर उचलायचंच नसतं. मात्र कमरेला पट्टा बांधावा लागतो, नाहीतर शरीर बाकावर नीट टेकून राहत नाही.

या बेरजेतच आरेडची खरी अडचण आहे. जमिनीवर खांद्यावर ६० किलो होते, वर ते १२० झाले. पायांचं काम तेवढंच, पण सगळा भार आता मानेखालून आणि पाठीतून जातो. त्यातच वजनरहित अवस्थेत मणके एकमेकांपासून थोडे सुटतात, उंची काही सेंटिमीटरने वाढते आणि पहिल्या दिवसांत बऱ्याच जणांची पाठ दुखते. म्हणून सुरुवात हलक्या भाराने करून आठवड्यागणिक वाढवत न्यायची. जमिनीवरचा स्वतःचा विक्रम पहिल्याच आठवड्यात गाठायला जाणं म्हणजे पाठदुखीला आवतण.

देखभालीचं काम बरंच आहे. सीलमधून थोडी थोडी हवा आणि बाष्प नळकांड्यात शिरतं. आतली हवा दट्ट्याला बाहेर रेटते, म्हणजे हँडलवर दिसणारा आकडा आणि हातात येणारा भार यांत फरक पडू लागतो. म्हणून ठरावीक काळाने नळकांडी पुन्हा निर्वात करायची. दोऱ्या झिजतात, त्यांचे धागे तपासायचे. यंत्र ज्या रुळांवर सरकतं ते रूळ आणि रोलर पुसून वंगण घालायचं. यातलं काहीही टाळलं तर भार खोटा होतो, आणि खोट्या भारावर महिने काढले तर किंमत खुबा मोजतो.

हे रूळ कशाला? एखादा अंतराळवीर आरेडवर बैठका मारतानाचा व्हिडिओ नीट पाहा. माणूस खालीवर होण्याबरोबर त्याच्या पायाखालचं अख्खं यंत्रही उलट दिशेला सरकताना दिसेल. ते मुद्दाम सैल ठेवलेलं आहे. ते भिंतीला घट्ट बोल्टने आवळलं असतं तर प्रत्येक बैठकेचा धक्का स्थानकाच्या सांगाड्यात गेला असता. सौर पंख प्रत्येकी ३० मीटरहून लांब, त्यांची डोलण्याची लय संथ, काही सेकंदांना एक हेलकावा. बैठकांची लयही तशीच संथ. दोन्ही जुळल्या तर झोका वाढत जातो. शिवाय गुरुत्वाचा प्रभाव टाळून वाढवायचे स्फटिक, द्रवांचे प्रयोग असं नाजूक काम याच स्थानकात चालू असतं. थोडक्यात, इथे यंत्राइतकीच मेहनत यंत्राचा हादरा गिळण्यावर घेतलेली आहे.

आता टी-टू. ऑगस्ट २००९ मध्ये डिस्कव्हरी यानातून आलेली ही ट्रेडमिल मूळ बाजारातल्या वुडवे कंपनीच्या ट्रेडमिलवर बेतलेली आहे. कंपन शोषणाऱ्या कपाटासकट वजन जवळपास एक टन. तिचं दुसरं नाव कोलबेअर. नव्या विभागाला नाव सुचवायच्या ऑनलाइन मतदानात स्टीफन कोलबेअर या विनोदवीराने प्रेक्षकांना स्वतःच्या नावाला मतं द्यायला लावली आणि तो जिंकला. नासाने विभागाचं नाव ट्रँक्विलिटी ठेवलं आणि समजूत म्हणून ट्रेडमिलला त्याचं नाव बसेल असं लांबलचक लघुरूप शोधून काढलं.

वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत जातो. मोटर बंद ठेवून पायाने पट्टा रेटायचीही सोय आहे. पायांचा कस त्यात जास्त लागतो. यंत्र म्हणून तक्रार नाही. तक्रार आहे ती जुंपण्याची. माणसाला ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्याकडे ओढून धरायला खांद्यावर आणि कमरेवर पट्टे असलेलं जाकीट घालतात आणि ते दोन्ही बाजूंनी लवचिक दोरांनी खाली बांधतात. मधल्या क्लिपा वाढवल्या-काढल्या की ओढ कमीजास्त होते. सुरुवात शरीराच्या वजनाच्या ६० ते ७० टक्क्यांनी. पूर्ण वजनाइतकी ओढ लावायला पाय तयार असतात. खांदे आणि कमरेची हाडं आधी हात टेकतात. कातडी लाल होते, सोलवटते. उपाय एवढाच की कमरेच्या पट्ट्यावर जास्त भार घ्यायचा, खांद्यावर कमी, दर थोड्या दिवसांनी वाटणी बदलायची आणि काचणाऱ्या जागी आधीच गादी लावायची. पाठीवर वजनदार सॅक घेऊन धावण्याशी याची तुलना होऊ शकेल, फक्त ही सॅक खालून कुणीतरी ओढत असतं.

म्हणून ज्यांनी या अवस्थेत लांब अंतर कापलं त्यांचं कौतुक जास्त. सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी बॉस्टन मॅरेथॉन ४ तास २४ मिनिटांत पूर्ण केली. तेव्हा टी-टू नव्हती. रशियन विभागातली टीव्हिस नावाची जुनी ट्रेडमिल होती, जिचा तोल जायरोस्कोपने सांभाळला जाई. ब्रिटिश अंतराळवीर टिम पीक यांनी २०१६ मध्ये टी-टूवर लंडन मॅरेथॉन ३ तास ३५ मिनिटांत धावून काढली. सप्टेंबर २०१२ मध्ये विल्यम्स यांनी ट्रायथलॉनही केली, आणि ती तर या जिमची पूर्ण फेरीच म्हणायची: धावणं टी-टूवर, सायकल सेव्हिसवर आणि पोहण्याच्या जागी आरेड. वेळ १ तास ४८ मिनिटं ३३ सेकंद.

सेव्हिसबद्दल थोडक्यात. ती २००१ पासून स्थानकातल्या डेस्टिनी प्रयोगशाळेत आहे. सीट नाही, कारण टेकवायला वजनच नाही. बूट पेडलमध्ये अडकवायचे, पाठीला पट्टा लावायचा किंवा हाताने धरायचं आणि मारायचे पेडल. भार ३५० वॉटपर्यंत. हृदय आणि फुप्फुसांसाठी उत्तम, पायाचे स्नायूही बऱ्यापैकी जागे राहतात. हाडांसाठी जवळपास निरुपयोगी, कारण टाचेपासून खुब्यापर्यंत दणका पोचतच नाही. एक खास उपयोग मात्र नोंदवण्याजोगा: स्थानकाबाहेर पडण्याआधी रक्तातला नायट्रोजन लवकर बाहेर काढण्यासाठी शुद्ध ऑक्सिजन ओढत हिच्यावर दहा मिनिटं जोरात पेडल मारायची पद्धत २००१ मध्ये सुरू झाली.

जागा आणि सोयींचं काय? आरेड, टी-टू, मुख्य शौचालयांपैकी एक, लघवीपासून पाणी करणारी यंत्रणा आणि पृथ्वी दाखवणारी कपोलाची सात खिडक्यांची घुमटी, हे सगळं एकाच ट्रँक्विलिटी विभागात कोंबलेलं आहे. नजारा अप्रतिम, शेजार तसाच. कुणी आरेडवर असताना कपोलात जायचं तर अंग चोरूनच जावं लागतं.

घाम खाली गळत नाही. तो कातडीला चिकटून थर होतो आणि जास्त झाला की डोलणारा गोळा बनतो. झटका दिला की तो सुटून कुणाच्या तरी तोंडावर किंवा उपकरणात जाणार. म्हणून दर थोड्या वेळाने टॉवेलने टिपत राहायचं. गरम हवाही वर जात नाही, अंगाभोवती साचून राहते. म्हणून पंखा चेहऱ्याकडे वळवल्याशिवाय सुरुवात करू नये. नाहीतर स्वतःच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये श्वास घेत बसाल आणि डोकं दुखायला लागेल. कपडे धुवायची सोय नाही. व्यायामाचा जोड काही दिवस वापरायचा, मधे वाळवायचा आणि मग कचऱ्याच्या मालवाहू यानात टाकायचा. टॉवेल वाळताना उडालेलं बाष्प हवेतून थंड करून गोळा होतं आणि शुद्ध होऊन प्यायच्या पाण्यात येतं. किळस वाटत असेल तर ही जिम तुमच्यासाठी नाही.

गुण द्यायचेच तर आरेडला पाचपैकी पाच, टी-टूला साडेतीन आणि सेव्हिसला तीन. आरेडचे गुण निकालावर आहेत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरेसं खाणाऱ्या, ड जीवनसत्त्व नीट घेणाऱ्या आणि आरेड वापरणाऱ्या अंतराळवीरांनी हाडांची घनता बऱ्याच अंशी टिकवली होती. आयरेडवाल्यांची घटली होती. मात्र हाड झिजण्याचा वेग आरेडवाल्यांतही वाढलेला होता, फक्त नवं हाड बनण्याचा वेगही वाढल्यामुळे हिशेब जुळत होता. म्हणजे खाण्यात काटकसर केली तर आरेड एकटं वाचवत नाही.

आकार हा मात्र त्याचा न सुटलेला दोष. चंद्राकडे जाणाऱ्या ओरायन यानात असं धूड मावत नाही. त्याच्यासाठी बुटाच्या खोक्याएवढं, सुमारे १४ किलोचं फ्लायव्हील यंत्र बनवलंय. दोरी ओढायची, चाक फिरतं, तेच परत ओढतं. जितक्या जोराने ओढाल तितकाच भार मिळतो, कमाल १८० किलोच्या आसपास. रोइंग, बैठका, डेडलिफ्ट सगळं त्याच एका दोरीवर. दहा दिवसांच्या सफरीला पुरेल. पण आळशाला ते जाब विचारत नाही: हळू ओढलं की हलकंच लागतं. आरेडवर आकडा लावला की तो लागतोच, मग मन असो वा नसो.