सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय, दुसरी आवृत्ती : कीबोर्डच्या शेजारी बसून केलेले परीक्षण

मराठी वाद्यवृंदात बेस गिटार वाजवणाऱ्याला रंगमंचावर स्वतःचा अँप्लिफायर मिळणे ही आजही चैनच आहे. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर असो, दादरचे शिवाजी मंदिर असो की गणेशोत्सवातला गल्लीतला मांडव, बेसची वायर बहुतेक वेळा एखाद्या डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला मानवेल असा करून देणाऱ्या डब्यातून, थेट मिक्सरकडे जाते आणि तिथून पुढे बेसचे काय होणार, हे ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याच्या कानावर आणि त्या दिवशीच्या त्याच्या सवडीवर ठरते. त्यामुळे वायर मिक्सरपर्यंत पोहोचण्याआधीच आवाजाला हवा तो आकार देणारे उपकरण बेसवादकाला लागते. न्यूयॉर्कच्या टेक २१ कंपनीचा सॅन्सअँप बेस ड्रायव्हर डीआय नेमका त्यासाठीच आहे, आणि हे परीक्षण त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे आहे. परीक्षणाची कसोटी मात्र मी मुद्दाम अरुंद ठेवली आहे: दोन्ही हातांनी भरगच्च वाजवणाऱ्या कीबोर्डवादकाच्या शेजारी हा डबा बेसला जागा मिळवून देतो का?

बी. अँड्र्यू बार्टा यांनी १९८९ मध्ये पहिला सॅन्सअँप बाजारात आणला. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरसमोर माइक लावल्यावर जो आवाज मिळतो, तसा आवाज अँप्लिफायरशिवाय, पूर्णपणे अ‍ॅनालॉग सर्किटमधून थेट मिक्सरला द्यावा, ही त्यामागची कल्पना होती. बेस ड्रायव्हर हा त्याच घराण्यातला, खास बेससाठी घडवलेला डबा. पहिल्या आवृत्तीत ड्राइव्ह, प्रेझेन्स, ब्लेंड, बेस, ट्रेबल आणि लेव्हल असे सहा नॉब होते. दुसऱ्या आवृत्तीत मिडचा, म्हणजे मधल्या पट्ट्याचा, नॉब आला आणि त्याच्या जोडीला दोन स्विच आले. एका स्विचने मिडचा केंद्रबिंदू ५०० किंवा १००० हर्ट्झवर ठेवता येतो आणि दुसऱ्याने बेसच्या नॉबचा ४० किंवा ८० हर्ट्झवर. कागदावर हा बदल किरकोळ वाटतो, पण माझ्या मते हा डबा विकत घेण्याचे तेच एकमेव सबळ कारण आहे.

याचे कारण पहिल्या आवृत्तीच्या स्वभावात आहे. तिचा मधला पट्टा मुळातच खोलगट असे. एकट्याने वाजवताना हा आवाज फार देखणा वाटतो, कारण खाली भरदार तळ असतो, वर लखलखीत कड असते आणि मध्ये गर्दी नसते. त्यात कीबोर्ड मिसळला की चित्र पालटते. तळ ऑक्टोपॅडच्या किकमध्ये आणि ढोलकीच्या डाव्या बाजूच्या घुमाऱ्यात विरतो, वरची कड झांजांमध्ये आणि कीबोर्डच्या व्हायोलिन-समूहात हरवते आणि बेसची ओळख पटवणारा जो मधला भाग, तोच गाळलेला असल्यामुळे प्रेक्षकांपर्यंत नुसती थरथर पोहोचते, सूर पोहोचत नाही. बेस ऐकू येत नाही अशी तक्रार आल्यावर मिक्सरवर बेसचा आवाज वाढवला जातो, आणि त्याने फक्त थरथर वाढते.

ही अडचण आकड्यांतून पाहिली की अधिक स्पष्ट होते. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार ई म्हणजे आपली पांढरी तीन, ४१.२ हर्ट्झ. त्यापुढच्या तारा अनुक्रमे ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झच्या. सबवूफर नसलेल्या, बारा किंवा पंधरा इंची स्पीकरच्या पेट्यांवर ४१ हर्ट्झचा मूळ सूर जेमतेमच उमटतो. श्रोत्याचा कान तो सूर त्याच्या ८२ आणि १२४ हर्ट्झच्या स्वनांशांवरून, म्हणजे मूळ सुरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या सुरांवरून, जुळवून घेतो. कीबोर्डवादकाचा डावा हात, विशेषतः पियानोच्या आवाजात आणि सस्टेन पेडल दाबून ठेवलेले असताना, याच पट्ट्यात येऊन बसतो. दोघांच्या बाकावर तिघे बसल्यावर कडेचा माणूस अर्धा बाहेर लटकतो, तशी मग बेसची अवस्था होते.

आपल्याकडच्या वाद्यवृंदात या गर्दीला आणखी एक पदर आहे, आणि परदेशी परीक्षणांत तो सापडत नाही. गायकाची पट्टी बदलली की कीबोर्डवादक ट्रान्सपोजचे बटण दाबून तीच बोटे तशीच ठेवतो; बेसवादकाला मात्र सगळा हात सरकवावा लागतो. गायकाची पट्टी काळी दोन असेल, तर खालचा षड्ज ३८.९ हर्ट्झवर येतो आणि तो चार तारांच्या बेसवर अवघ्या अर्ध्या सुराने हुकतो. मग षड्ज घ्यायचा तो ए तारेच्या (५५ हर्ट्झच्या) सहाव्या फ्रेटवर, ७७.८ हर्ट्झवर, म्हणजे एक सप्तक वर. त्याच वेळी कीबोर्डवादकाने डाव्या हाताला बेसचा आवाज लावून सप्तक खाली सरकवलेले असेल, तर बेस गिटार असूनही गाण्याचा तळ कीबोर्ड धरतो आणि बेस त्याच्या वर तरंगत राहतो. काळी एकची गोष्टही हीच. काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाणारी गायिका आली की परिस्थिती पुन्हा सुधारते, कारण ते षड्ज ई तारेवर आरामात मिळतात.

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या आवृत्तीतला बेसचा स्विच पाहावा. ४० हर्ट्झची जागा ज्या सभागृहात उत्तम सबवूफर आहेत तिथे खरोखर आनंद देते. एरवी ती स्पीकरच्या कागदाला दमवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. ८० हर्ट्झवर ठेवलेला बेसचा नॉब जरासा वाढवला की ई तारेच्या सुरांना अंग येते. मात्र काळी दोनमध्ये षड्जच ७७.८ हर्ट्झवर असल्यामुळे तो एकटा सूर बाकीच्यांपेक्षा फुगतो, म्हणून अशा गाण्यांत हा नॉब मध्यावर आणून ठेवणे इष्ट. एकाच कार्यक्रमात गायक बदलत असतील तर दोन गाण्यांच्या मधल्या निवेदनाचा उपयोग यासाठी करता येतो. निवेदक लांबण लावणारा असेल तर फारच उत्तम.

मिडच्या स्विचची निवड मात्र पूर्णपणे शेजारच्या माणसावर अवलंबून आहे. पियानोवरचा मध्य सा, म्हणजे पांढरी एक, २६१.६ हर्ट्झचा आणि त्याच्या वरचा ५२३ हर्ट्झचा. कीबोर्डवादक पियानो किंवा इलेक्ट्रिक पियानो वाजवत असेल तर त्याच्या आवाजाचे अंग नेमके ५०० च्या आसपास असते, आणि तिथेच बेसही वाढवला तर दोघांचा मिळून एक खोकलट आवाज तयार होतो. अशा वेळी १००० हर्ट्झवर मिड वाढवावा. त्याने तारेवर बोट पडल्याचा क्षण ऐकू येतो, आणि सूर केव्हा सुरू झाला हे कानाला कळले की तो कोणता आहे हे ओळखणे सोपे जाते. उलट कीबोर्डवर नुसते संथ पॅड, म्हणजे लांबवलेल्या सुरांचा मऊ आवाज, चालू असेल तर त्याला कडक सुरुवात नसते. तिथे ५०० हर्ट्झवर वाढवलेला मिड बेसला गोलाई देतो आणि भावगीताला तीच शोभते. मी प्रिसिजन धाटणीचा पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारा, बेस वापरतो, ज्यात १९५७ पासून प्रचलित असलेला दुभंगलेला पिकअप (तारेचे कंपन टिपणारा भाग) असतो आणि ज्याचा मधला पट्टा मुळातच ठसठशीत आहे. जॅझ बेस या दोन पिकअपच्या प्रकारावर दोन्ही पिकअप पूर्ण उघडून वाजवणाऱ्याला मिडचा नॉब याहून बराच पुढे न्यावा लागेल.

ड्राइव्ह आणि प्रेझेन्सविषयी थोडक्यात सांगतो. ड्राइव्ह निम्म्याच्या खाली ठेवला तर आवाजाला व्हॉल्व्हची ऊब येते. त्यापुढचा करकरीतपणा रॉकला ठीक, लावणीला नव्हे. प्रेझेन्स वाढवला की फ्रेटवर तार घासल्याचा आवाज आणि सिसकारा दोन्ही वाढतात. ब्लेंड हा मात्र सर्वांत हुशारीने केलेला नॉब आहे, कारण तो शून्यावर नेला की अँप्लिफायरचे अनुकरण बाजूला होते आणि तरीही बेस, मिड, ट्रेबल आणि लेव्हल काम करत राहतात. म्हणजे ज्यांना सॅन्सअँपचा रंग नको, त्यांनाही मिडचा नॉब उपयोगी पडतोच. मी तो साधारण निम्म्यावर ठेवतो.

जे काम कुठलाच डबा करू शकत नाही तेही सांगायला हवे. कीबोर्डवादकाने स्प्लिट लावून, म्हणजे पट्ट्यांचे दोन भाग करून, डाव्या हाताला बेसचा आवाज ठेवला असेल, तर दोन बेस एकाच वेळी वाजतात आणि मिड कितीही फिरवला तरी गोंधळ मिटत नाही. ही सवय पडण्यामागे अर्थकारण आहे, कारण छोट्या कार्यक्रमात बेसवादकाचे मानधन वाचते. तिला मोठी परंपराही आहे. द डोअर्स या अमेरिकन बँडमध्ये रे मांझारेक डाव्या हाताने ऱ्होड्स पियानो बेसवर बेस वाजवत आणि रंगमंचावर वेगळा बेसवादक नसे. अनेक ध्वनिमुद्रणांसाठी मात्र त्यांनी बेसवादक बोलावले. आपल्याकडे राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांचा बेस आणि कर्सी लॉर्ड यांची कळफलकाची वाद्ये होती, आणि तिथे प्रत्येकाला आपले काम नेमून दिलेले होते. तालमीतच ठरवून घ्यावे की बेस असेल त्या गाण्यात कीबोर्डच्या डाव्या हाताने मूळ सूर सोडून कॉर्डचा तिसरा आणि सातवा सूर धरावा, आणि मिक्सरवर कीबोर्डच्या चॅनेलचा लो-कट, म्हणजे खालचे सूर कापणारे बटण, दाबावा. ज्येष्ठ कीबोर्डवादकाला हे सांगणे अवघड असते, हे मान्य. पण तेवढे झाले तर या डब्याचे निम्मे काम आधीच झालेले असते.

डब्याची बांधणी धातूची आणि भक्कम आहे. तो नऊ व्होल्टच्या बॅटरीवर, अडॅप्टरवर किंवा मिक्सरकडून येणाऱ्या फँटम पॉवरवर चालतो. फँटमची सोय आणि ग्राउंड जोडणे हे एकाच स्विचवर बांधलेले आहे, हा आराखड्यातला दोष मला खटकतो. मांडवातल्या जनरेटरच्या विजेवर गुणगुण सुरू झाली की ग्राउंड तोडावासा वाटतो, आणि तो तोडला की फँटमही जातो. म्हणून फँटमवर सर्वस्वी विसंबू नये, ताजी बॅटरी आत असावी. फूटस्विच बंद असतानाही एक्सएलआर आउटपुटमधून, म्हणजे मिक्सरकडे जाणाऱ्या तीन पिनांच्या जोडणीतून, साधा डीआय सिग्नल जात राहतो ही सोय चांगली आहे. मात्र दोन्ही अवस्थांतल्या आवाजाची पातळी लेव्हलच्या नॉबने आधीच जुळवून ठेवावी लागते, नाहीतर पाय पडताच मिक्सरवरचा माणूस दचकतो. पॅरलल आउटपुटवरून मूळ आवाज स्वतःच्या छोट्या मॉनिटरला देता येतो.

किमतीत मात्र हा डबा स्वस्त नाही. अमेरिकेतल्या किमतीवर इथे आयातीचा खर्च चढतो. बेहरिंगरचा बीडीआय २१ याच घाटाचा, प्लॅस्टिकच्या अंगाचा आणि फार स्वस्त आहे, पण त्यात मिडचा नॉब नाही, त्यामुळे कीबोर्डसोबत वाजवणाऱ्यासाठी तो माझ्या दृष्टीने बाद ठरतो. सेकंड-हँड बाजारात सॅन्सअँप बघत असाल तर विक्रेत्याकडून फोटो मागवून त्यावर मिडचा नॉब आहे याची आधी खात्री करा, कारण पहिली आवृत्ती याच नावाने विकली जाते. आणि ज्यांचा ध्वनिसंयोजक ठरलेला आहे, ज्याच्या मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला सरकता मिड, म्हणजे केंद्रबिंदू हवा तिथे नेता येणारा मिड, आहे आणि जो तालमीलाही येतो, त्यांनी हा खर्च करण्याचे कारण नाही; त्यांना साधा पॅसिव्ह डीआय पुरेल, आणि उरलेले पैसे पाच तारांच्या बेसकडे वळवले तर खालची बी, म्हणजे पांढरी सात, मिळून काळी दोनचा षड्ज चौथ्या फ्रेटवर हाती येईल.