घरपोच येणारा अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्स: ठाण्यातील एका घरात तो किती उपयोगी पडला

लहान मुलांसाठी दरमहा घरी येणाऱ्या अ‍ॅक्टिव्हिटी बॉक्सची वर्गणी भरावी की नाही, हा प्रश्न जून महिना लागला की आमच्या सोसायटीतील पालकांमध्ये हमखास निघतो. घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलांत बाग असते, झोपाळे आणि घसरगुंडीही असते. पण जून ते सप्टेंबर या काळात ती जागा बहुतेक वेळ ओलीच राहते आणि संध्याकाळी मुलांना तलावपाळीला किंवा उपवनला नेण्याचा बेतही पावसामुळे वारंवार रद्द होतो. अशा वेळी घरातच, मोबाइल हातात न देता, मुलाला कशात गुंतवावे याची चिंता खरी असते. आमच्या घरी गेले काही महिने असा एक बॉक्स येत आहे. मुलगी चार वर्षांची आहे, आम्ही दोघेही नोकरीसाठी मुंबईला जातो आणि दिवसाचा मोठा भाग ती तिच्या आजीजवळ असते. हे आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण बॉक्सविषयीचे माझे मत बऱ्याच अंशी त्यावरून ठरले आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही. असे बॉक्स अनेक कंपन्या काढतात, त्यांची रचनाही साधारण सारखीच असते, तेव्हा पुढील निरीक्षणे यांपैकी कोणताही बॉक्स निवडताना कामी यावीत.

एका बॉक्समध्ये पाच-सहा उपक्रमांचे साहित्य असते. आमच्याकडे आलेल्या पहिल्या बॉक्समध्ये रंगीत लाकडी चकत्या आणि त्या उचलण्यासाठी बांबूचा चिमटा, कडेने भोके पाडलेले पुठ्ठ्याचे प्राणी आणि ओवण्यासाठी नाडी, बारीक वाळू पसरण्याचे उथळ लाकडी तबक, क्लेचे छोटे डबे, घोटीव कागद आणि बोथट टोकाची कात्री एवढे सामान होते. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. चिमट्याने चकती उचलताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची जी पकड लागते, तीच पुढे पेन्सिल धरताना लागते. बालवर्गातच वह्या भरून घेण्याची घाई सगळीकडे चालू असताना, आधी बोटांत बळ येऊ द्यावे हा विचार घरच्या खेळातून पोहोचवणारे साहित्य मला मोलाचे वाटते.

त्यातही ओवण्याच्या प्राण्यांनी आमच्या घरी सर्वाधिक काळ मुक्काम केला. सुरुवातीला मुलगी नाडी भोकातून वर काढायची आणि पुढच्या भोकात वरून खाली न घालता पुठ्ठ्याच्या कडेवरून वळवून आणायची, त्यामुळे हत्तीचे चारही पाय एकत्र बांधले जायचे. कोणी काही सांगितले नाही. तिने स्वतःच नाडी उसवली, हत्ती उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला बोट लावून नाडी कुठून बाहेर आली ते शोधले आणि मग ‘आजी, बघ, ही खालून येते’ असे म्हणत पुढचे भोक बरोबर घेतले. नाडीच्या टोकाचे प्लॅस्टिक मात्र लवकरच निघून आले आणि धागे पिंजले. सासूबाईंनी ते टोक वितळलेल्या मेणात बुडवून दोन बोटांत वळले आणि गार होऊ दिले. ते मूळ टोकापेक्षा अधिक टिकले. पुढे हत्ती बाजूला पडला आणि त्याच नाडीत कच्च्या मॅकरोनीच्या नळ्या ओवल्या जाऊ लागल्या. सणाच्या दिवशी तोरण करताना झेंडूचे देठ खुडून फुले आजीच्या हाती देण्याचे काम तिच्याकडे आले, सुई अर्थातच आजीकडे राहिली. कार्डावरील सूचना संपल्यावर मूल त्या वस्तूचे पुढे काय करते, यावरच मी प्रत्येक उपक्रमाचे मोल ठरवते आणि या कसोटीला हा उपक्रम पूर्णपणे उतरला.

वाळूच्या तबकाविषयीही चांगलेच म्हणावे लागेल, पण त्यासाठी पैसे मोजण्याची गरज होती का, असा प्रश्न पडतो. तबक पाहताच सासूबाई म्हणाल्या, ‘ही तर आमची धूळपाटी.’ त्यांनी स्वयंपाकघरातून परात आणली, तीत रवा पसरला आणि दोघी त्यात बोटाने गोल, रेघा आणि मासे काढत बसल्या. रवा बोटाला वाळूपेक्षा मऊ लागतो आणि चुकून तोंडात गेला तरी काळजी नसते. येथे तारा‍बाई मोडक यांच्या कामाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यातील बालवाडीला परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंमधून त्यांनी साधने घडवली. आज पुठ्ठ्याच्या सुबक खोक्यातून तेच तत्त्व आपल्या दारात विकत येते. त्यात गैर काही नाही, कारण नोकरी करणाऱ्या पालकाला साहित्य जमवायला लागणारा वेळ त्यामुळे वाचतो. मात्र बॉक्सबरोबरच्या पुस्तिकेत ‘हे घरातील कोणत्या वस्तूने करता येईल’ अशी एक ओळ प्रत्येक उपक्रमाखाली असायला हवी होती. ती कुठेही नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार भाषेविषयी आहे. सर्व कार्डे केवळ इंग्रजीत आहेत. ठाण्यात आमच्यासारख्या कितीतरी घरांत दिवसभर मुलांबरोबर आजी-आजोबा असतात. माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत, मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांची सारी नोकरी झाली आणि मुलाला खेळात कसे ओढून घ्यावे हे त्यांना आमच्यापेक्षा कितीतरी चांगले समजते. तरीही कार्ड हातात आले की त्यांना आमची वाट पाहावी लागते, आणि मग जो खेळ दुपारी अकरा वाजता निवांतपणे व्हायचा तो रात्री आठ वाजता, सगळे दमलेले असताना उरकला जातो. शेवटी मी रविवारी बसून प्रत्येक कार्डाच्या मागे चार ओळी मराठीत लिहून ठेवू लागले. ‘जादुई पिटारा’ हा ३ ते ८ वयोगटासाठीचा खेळसाहित्याचा संच एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये तयार केला, तेव्हा तो १३ भारतीय भाषांत उपलब्ध असेल असे जाहीर झाले होते. महाराष्ट्रात वर्गणीदार मिळवणाऱ्या खासगी कंपनीला एक मराठी पत्रिका छापणे अवघड असेल, असे मला वाटत नाही.

भाषेची अडचण दूर करण्यासाठी म्हणून कार्डावर क्यूआर कोड दिलेला आहे आणि तो स्कॅन केला की उपक्रमाचा व्हिडिओ उघडतो. या सोयीमुळे मूळ हेतूच मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांचा बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा आणि तो जितका कमी तितका बरा. खेळ सुरू करण्यासाठीच फोन उघडावा लागला, तर मुलाचे लक्ष खोक्याकडून फोनकडे जाते आणि तो फोन पुन्हा ठेवून देण्यावरून रडारड होते. पालकांनी व्हिडिओ आदल्या रात्री एकट्याने पाहून घ्यावा, हे उत्तम.

क्लेविषयी थोडक्यात सांगते. एका डब्यातील क्ले हाती आला तोच कडक झालेला होता. कळवल्यावर दुसरा पाठवण्यात आला, पण तोवर आठवडा गेला. दरम्यान आम्ही घरीच तो केला: दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि लागेल तसे पाणी, रंगासाठी हळद आणि बीटाचा रस. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये तो काही दिवस सहज राहतो. मिठाचे प्रमाण एवढे असते की मुलांना तो खाऊ देता कामा नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

सुरक्षिततेच्या बाबतीत पालकांनी स्वतः डोळ्यांत तेल घालून पाहावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य आहे. आमच्या बॉक्समधील लाकडी संचाच्या वेष्टनावर ते चिन्ह आहे, कडाही गुळगुळीत आहेत आणि ओल्या कापडाने घासून पाहिले तरी रंग सुटला नाही. वयोगट ‘३ ते ६’ असा लिहिलेला आहे, तो मात्र फारच सैल आहे. तीन वर्षांचे मूल कागद फाडण्यात आणि मोठे मणी ओवण्यात रमते, सहाव्या वर्षाचे मूल आकृतीच्या रेषेवरून कात्री चालवू शकते. दोघांना एकच उपक्रम दिला तर एकाला तो जमत नाही आणि दुसऱ्याला कंटाळा येतो. घरात तीन वर्षांखालील धाकटे भावंड असेल तर चकत्या आणि मणी हाताबाहेरच ठेवावेत. चिमट्याचा खेळ वाटाणे किंवा राजमा घेऊनही छान होतो, पण त्या वयाची मुले दाणा नाकात घालतात, म्हणून मोठ्या माणसाने तेथून उठू नये.

किंमत महिन्याला हजार रुपयांच्या आसपास पडते. एवढ्याच पैशांत जांभळी नाक्याच्या बाजारपेठेतून घोटीव कागद, कार्डशीट, तेलकट खडू, मणी, लोकर आणि फेव्हिकॉल आणले तर दोन-तीन महिने पुरतील एवढे साहित्य होते. फक्त त्यातून रोज काय करायचे हे आपल्याला ठरवावे लागते. ज्यांना ते ठरवायला आवडते आणि तेवढी फुरसत आहे, त्यांनी बॉक्सच्या वाटेला जाऊ नये. जे पालक रात्री उशिरा लोकलने घरी पोहोचतात आणि तरीही मुलाबरोबर अर्धा तास जमिनीवर बसू इच्छितात, त्यांनी पावसाळ्यापुरती वर्गणी अवश्य भरावी, मात्र वर्षभराची एकदम भरू नये. आम्ही सप्टेंबरपर्यंतचे पैसे भरले आहेत. मराठी सूचनापत्रिका कधी मिळणार, असे कंपनीला लेखी विचारले असून उत्तर आल्यावरच पुढचा हप्ता भरायचा की नाही ते ठरवू.